इंग्रजीचे चिमुकले शब्द आणि आपला 'च'

मित्रांनो, एक कोडं सोडवा पाहू! समजा, शाळेच्या फळ्यावर एक सूचना लिहिली आहे: 'यू मस्ट नॉट ब्रिंग युवर टिफिन.' शेजारच्या वर्गात दुसरी सूचना आहे: 'यू डोन्ट हॅव टू ब्रिंग युवर टिफिन.' दोन्हीकडे डबा आहे आणि दोन्हीकडे नकारही आहे. मग उद्या डबा न्यायचा की नाही?

पहिली सूचना म्हणते, डबा आणता कामा नये. आणलात तर बाई रागावतील! दुसरी म्हणते, डबा आणायची गरज नाही. आणलात तरी कुणी काही म्हणणार नाही. 'मस्ट' आणि 'हॅव टू' या दोन्ही शब्दांपुढे आपण वहीत 'पाहिजे' असा एकच अर्थ लिहिलेला असतो. साध्या वाक्यात तो खपून जातो. नकार आला, की गाडी रुळावरून घसरते.

इंग्रजी शिकताना आपण लांबलचक शब्दांची स्पेलिंगं घोकतो. पण वाक्याचा अर्थ पुष्कळदा मस्ट, मे, फ्यू, लिटल, इन, ऑन, बाय अशा चिमुकल्या शब्दांच्या हाती असतो. आणि गंमत म्हणजे, हे शब्द जे बारीक फरक दाखवतात, ते तुम्ही मराठीत रोज अचूक करता. फक्त मराठीनं ते वेगळ्या खिशात ठेवले आहेत. चला, ते खिसे चाचपून पाहू!

आधी की नंतर?

आपण 'टेबलावर' म्हणतो. आधी टेबल, मग 'वर'. इंग्रज म्हणतो 'ऑन द टेबल'. आधी 'ऑन', मग टेबल. नामाच्या आधी जागा घेणारा, म्हणून त्याचं नाव प्रिपोझिशन. 'प्रि' म्हणजे आधी. आपली 'वर, खाली, पासून, साठी' ही शब्दयोगी अव्ययं मात्र नामानंतर येऊन त्याला चिकटतात. जपानी भाषेतही असे शब्द नामानंतरच येतात बरं का!

सुमारे हजार वर्षांपूर्वी इंग्रजीतही नामांना आपल्यासारखे विभक्तीचे प्रत्यय लागत. पुढच्या काही शतकांत ते झिजत गेले आणि त्यांचं बरंचसं काम प्रिपोझिशनांच्या गळ्यात पडलं. म्हणून तर त्यांच्याकडे एवढी कामं!

आता आपला 'ने' घ्या. आपण 'बसने' जातो आणि 'पेनने' लिहितो. इंग्रजीत मात्र 'बाय बस' आणि 'विथ अ पेन'. वाहन असेल तर 'बाय' आणि हातातलं साधन असेल तर 'विथ'. 'पासून'चंही तसंच. 'सोमवारपासून' म्हणजे 'सिन्स मंडे', कारण तिथे सुरुवात सांगितली आहे. 'दोन वर्षांपासून' म्हणजे मात्र 'फॉर टू इयर्स', कारण तिथे किती काळ झाला ते सांगितलं आहे. 'सिन्स टू इयर्स' असं आपण लिहून बसतो, ते या एकाच 'पासून'मुळे!

'पर्यंत' तर फारच सांभाळायला हवा. '१० जूनपर्यंत शाळा बंद आहे' आणि '१० जूनपर्यंत फॉर्म द्या' ही दोन वाक्यं पाहा. शाळा दहा तारखेपर्यंत सलग बंदच राहते, म्हणून तिथे 'टिल'. फॉर्म मात्र एकदाच द्यायचा, दहा तारीख उलटायच्या आत. तिथे 'बाय'. सूचनेत 'बाय टेन्थ जून' असेल, तर अकरा तारखेला जाऊन काही उपयोग नाही!

वेळ सांगताना एक युक्ती लक्षात ठेवा. घड्याळातल्या नेमक्या वेळेला 'ॲट', दिवसाला किंवा तारखेला 'ऑन', महिन्याला किंवा वर्षाला 'इन'. ॲट सेव्हन, ऑन संडे, इन मे.

थोडं आणि थोडंच

आता आपल्या लाडक्या 'च'ची करामत पाहा. 'माठात थोडं पाणी आहे' असं ऐकलं, की पाहुण्यांना हायसं वाटतं. 'माठात थोडंच पाणी आहे' म्हटलं, की आई कळशी उचलते. पाणी तेवढंच, पण बोलणाऱ्याच्या मनातली गोष्ट वेगळी!

इंग्रजीत 'च' नाही. तिथे हे काम एवढ्याशा 'अ'वर सोपवलं आहे. 'अ लिटल वॉटर' म्हणजे थोडं आहे, भागेल. नुसतं 'लिटल वॉटर' म्हणजे थोडंच आहे, पुरायचं नाही. 'अ फ्यू फ्रेंड्स' म्हणजे काही मित्र. 'फ्यू फ्रेंड्स' म्हणजे मोजकेच. मराठीत 'च' आला की कमतरता कळते, इंग्रजीत 'अ' गेला की कळते. आहे ना मजा?

'फ्यू' आणि 'मेनी' मोजता येणाऱ्या वस्तूंना, 'लिटल' आणि 'मच' न मोजता येणाऱ्यांना. आपलं 'खूप' दोन्हीकडे चालतं: खूप मुलं, खूप पाणी. मग ओळखायचं कसं? शब्दाआधी 'दोन' लावून पाहा. दोन मुलं जमतं, दोन पाणी जमत नाही. पण सावधान! आपण 'तांदूळ निवडले', 'केस विंचरले' असं अनेकवचनात बोलतो. इंग्रजीत 'राइस' एकवचनी, आणि डोक्यावरचे सगळे केस मिळून 'हेअर' हाही एकवचनीच!

असेल, असणार, हवं, लागतं

'दादा घरी असेल.' हा झाला अंदाज. इंग्रजीत 'ही मे बी ॲट होम'. 'दादा घरीच असणार, त्याच्या चपला दारात आहेत.' ही झाली खात्री. इंग्रजीत 'ही मस्ट बी ॲट होम'. पुन्हा आला की नाही 'च'!

'अभ्यास करायला हवा' हा सल्ला, म्हणजे 'शुड'. 'पाणी आणायला दूर जावं लागतं' इथे परिस्थितीच भाग पाडते, म्हणजे 'हॅव टू'. 'वेळेवर आलंच पाहिजे' हा दंडक, म्हणजे 'मस्ट'. आणि 'मला पोहता येतं' हे झालं 'कॅन'. हा 'कॅन' ज्या जुन्या शब्दापासून आला, त्याचा अर्थच 'माहीत असणं' असा होता!

'शी रन्स' म्हणतात, मग 'शी कॅन्स' का नाही? कारण 'कॅन', 'मे' आणि 'शॅल' यांची आजची रूपं फार प्राचीन काळी भूतकाळाची होती, आणि भूतकाळात तो 'स' लागत नसे. 'शी रॅन' म्हणताना आजही कुठे लागतो?

औषधाच्या बाटलीपाशी

हे सगळं परीक्षेतल्या एकदोन मार्कांपुरतं आहे असं समजू नका. बऱ्याच घरांत आजी-आजोबांच्या औषधावरचं इंग्रजी वाचायला नातवंडांनाच हाक मारतात. 'एव्हरी एट अवर्स' म्हणजे दर आठ तासांनी. 'ॲट एट' म्हणजे आठ वाजता. 'फॉर एट डेज' म्हणजे आठ दिवस. तिन्हीकडे आकडा आठच, पण चुकीचं सांगितलंत तर आजीच्या गोळ्यांचा हिशेबच बिघडेल. 'मे कॉज ड्राउझिनेस' म्हणजे गुंगी येऊ शकते. येईलच असं नाही, पण आलीच तर सांभाळायला हवं. म्हणून ज्या शब्दाबद्दल शंका असेल, तो अंदाजानं सांगू नका. औषधाच्या दुकानदाराला किंवा डॉक्टरांना विचारा. त्यात कसली आली लाज?

आईबाबांसाठी दोन शब्द

महाराष्ट्रातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० सालच्या जूनमध्ये. त्याआधी ते पाचवीपासून शिकवत. तेव्हा 'आम्हाला कुठे येतं!' म्हणून बाजूला होऊ नका. मुलांना मदत करायला अस्सल मराठी पुरेसं आहे. मूल 'सिन्स टू इयर्स' म्हणालं, तर हसू नका. एवढंच विचारा, 'तुला सुरुवात सांगायचीय की किती काळ ते?' उत्तर मराठीत मिळालं, की अर्धं काम झालं. योग्य इंग्रजी शब्द मग दोघं मिळून पुस्तकात शोधा.

आणि मित्रांनो, तुम्हाला हा छोटासा गृहपाठ! या वाक्यांसाठी कोणता शब्द निवडाल? एक, बाटलीत थोडंच तेल आहे. दोन, शनिवारपर्यंत माझी वही परत दे. तीन, पाऊस येईल कदाचित, छत्री ने. चार, उद्या रंगीत कपडे घातले तरी चालतील, गणवेशाची गरज नाही.

उत्तरं: एक, लिटल. दोन, बाय. तीन, मे. चार, डोन्ट हॅव टू. चारही बरोबर आली? मग उद्या मधल्या सुट्टीत मित्रांना हीच कोडी घाला, आणि एखादं नवं कोडं तुमच्या मनानं तयार करा!