कढईतलं वाळवण

चैत्र-वैशाखात वऱ्हाडातली अंगणं आणि गच्च्या वाळवणानं भरून जातात. पापड, कुरडया, शेवया, सरगुंडे, मुगवड्या असं वर्षभराचं साहित्य उन्हाच्या जोरावर कोरडं होतं आणि डब्यांत जाऊन बसतं. मृगाचा पाऊस पडला की हा कारखाना बंद होतो. मग आषाढ लागतो आणि घरोघरी कढई चढते. आखाड तळायचा म्हणजे गूळ-कणकेच्या कापण्या, तेलच्या, गुलगुले, तिखट-मिठाच्या पुऱ्या आल्याच. पावसात जिभेला तळलेलं हवंसं वाटतं, असं याचं कारण सहसा सांगितलं जातं. ते खोटं नाही, पण अपुरं आहे. नुसती जिभेची हौस असती, तर एका बैठकीपुरती भजी पुरली असती. परातभर कापण्या करून पंधरा दिवस पुरवायचं कारण नव्हतं. माझं म्हणणं असं, की तळण ही वाळवणाचीच पुढची पायरी आहे. ऊन जे काम चार दिवसांत करतं, ते गरम तेल चार मिनिटांत करतं आणि त्याला आकाश निरभ्र असावं लागत नाही. आशिया खंडातल्या तळलेल्या गोड पदार्थांकडे या नजरेनं पाहिलं, की वेगवेगळ्या देशांतल्या पाककृतींत एकच कारागिरी दिसू लागते.

तळताना नेमकं काय घडतं? कढईतलं तेल दीडशे ते एकशे ऐंशी अंशांपर्यंत तापलेलं असतं, पण त्यात सोडलेल्या पिठाचा गाभा, जोवर त्यात मोकळं पाणी आहे तोवर, शंभर अंशांच्या फारसा वर जात नाही. बाहेरून येणारी उष्णता पाण्याची वाफ करण्यात खर्च होत असते आणि हा खर्च मोठा आहे. एक ग्रॅम पाणी शून्यापासून शंभर अंशांपर्यंत तापवायला जेवढी ऊर्जा लागते, तिच्या पाचपटीहून अधिक ऊर्जा त्याच पाण्याची वाफ व्हायला लागते. तेल ही ऊर्जा हवेपेक्षा कितीतरी वेगानं पोचवतं. कापणी तेलात सोडताच भोवती उसळणारे बुडबुडे तेलाचे नसतात, ते पदार्थातून निघून जाणारं पाणी असतं. बुडबुडे मंदावले की पदार्थ झाला, हे तळणाऱ्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. ती कोरडेपणाची अचूक मोजणीच आहे. शिवाय एक ग्रॅम पाण्याची वाफ सुमारे १,६७० मिलिलिटर जागा मागते. ती बाहेर पडताना पिठात वाटा पाडत जाते, आणि त्या वाटा म्हणजेच जाळी, पापुद्रे आणि फोड.

कोरडेपणाचा टिकण्याशी असलेला संबंध अन्नशास्त्रात नीट मोजला गेला आहे. पदार्थात एकूण पाणी किती, यापेक्षा जंतूंच्या वाट्याला येण्याजोगं मोकळं पाणी किती, हे महत्त्वाचं ठरतं. शुद्ध पाण्यासाठी हे माप १ धरतात. ०.९ च्या खाली बहुतेक जिवाणूंची वाढ थांबते, ०.७ च्या खाली बहुतेक बुरशांची, आणि ०.६ च्या खाली काहीच वाढत नाही. या मापावर आपल्याच आखाडाच्या परातीतले दोन पदार्थ ताडून पाहावेत. गुलगुला आणि कापणी दोन्हींत कणीक, गूळ आणि तेल असतं, कढईही तीच असते. तरी गुलगुला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वास मारू लागतो आणि कापणी पंधरवडा काढते. फरक पाण्याचा आणि जाडीचा आहे. गुलगुल्याचं पीठ सैल, आकार गोळ्याचा. वरचं कवच खमंग होईपर्यंत आत मऊ, ओला गाभा शिल्लक राहतो. कापणीचं पीठ घट्ट भिजवलेलं आणि पातळ लाटलेलं असतं. आतल्या पाण्याला बाहेर यायला लागणारा वेळ साधारणपणे जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; जाडी दुप्पट झाली तर वेळ चौपट. म्हणून टिकाऊ गोडाची लाटी पातळ, आणि गरम खायचं ते गोल.

या विद्येचा कळस मला अनारशात दिसतो. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग निथळून सावलीत जेमतेम सुकवायचे, दमट असतानाच कुटून चाळायचे, त्यात गूळ किंवा साखर मिसळून गोळा काही दिवस मुरू द्यायचा, आणि मग खसखशीवर थापून ती बाजू वर ठेवत एकाच अंगानं मंद आचेवर तळायचं. यातली एकही पायरी देखाव्याची नाही. भिजलेला तांदूळ आपल्या वजनाच्या जवळपास तीस टक्के पाणी पितो आणि ठिसूळ होतो. तो कुटला की पीठ अगदी बारीक निघतं आणि स्टार्चचे कण फारसे फुटत नाहीत. कोरडे तांदूळ गिरणीत दळले, तर रगड आणि उष्णता यांनी ते कण मोठ्या प्रमाणात जखमी होतात. असे कण थंड पाणीही ओढून धरतात आणि तळताना ते सहजी सोडत नाहीत. विकतच्या तांदळाच्या पिठाचे अनारसे का जमत नाहीत, याचं उत्तर इथं आहे. पुढं गूळ. पिठात वरून पाण्याचा थेंबही घालत नाहीत. गूळ पिठातला दमटपणा स्वतःकडे ओढतो आणि सुरुवातीला भुरभुरणारं पीठ दोन-चार दिवसांत लोण्यासारखं मऊ होतं. म्हणजे पाणी आधीच साखरेच्या ताब्यात गेलेलं असतं. भिजवताना वाढलेल्या लॅक्टिक आम्लाच्या जिवाणूंनी पिठाला आंबूसपणा आणलेला असतो. आम्लामुळे थोडी साखर फुटून तिचे साधे घटक होतात आणि त्यामुळे ती कढईत दाणेदार न होता एकसंध पाक होऊन राहते. तांदळात ग्लुटेन नाही, पिठात पाणी जेमतेम आणि साखर भरपूर, त्यामुळे बिस्किटाप्रमाणेच इथंही बराचसा स्टार्च फुगून शिजत नाही. मग अनारशाला धरून कोण ठेवतं? पाक. पाणी उडत जातं तसा तो घट्ट होत जातो आणि गार झाल्यावर काचेसारखा कडक होतो. म्हणूनच तुपातून काढलेला अनारसा लिबलिबीत असतो आणि चाळणीत उभा करून ठेवल्यावर कुरकुरीत होतो. गूळ किंवा ओल जास्त झाली, तर तळताना पाक घट्ट होण्याआधीच पातळ होतो, कण सुटे होतात आणि अनारसा हसतो. त्यावर कोरडी पिठी मिसळण्याचा उपाय आजीबाईंच्या अनुभवातून आलेला असला, तरी तो शास्त्रशुद्ध आहे. एकाच अंगानं तळण्यामागंही कारण आहे. वरची बाजू तेलात बंदिस्त होत नाही, वाफेला तिथून मोकळी वाट मिळते आणि त्या बाजूला जाळी उमटते.

जाळी तर चिमूटभर सोड्यानंही पडते, मग एवढा खटाटोप कशाला, असं कोणी विचारेल. सोड्यानं जाळी पडते, हे खरं. पण सोडा वायू पुरवतो, पाण्याचं नियोजन करत नाही. भोकं पडली तरी भिंती ओल्या राहिल्या, तर त्या तेल पितात आणि दोन दिवसांत मऊ पडतात; सोड्यामुळे रंगही लवकर चढतो आणि आत पाणी असतानाच अनारसा बाहेर काढावा लागतो. अधिक महिन्यात जावयाला तेहतीस जाळीदार अनारशांचं वाण देतात. जाळी हे पदार्थ आतपर्यंत कोरडा झाल्याचं डोळ्यांना दिसणारं प्रमाणपत्र आहे, आणि भेट म्हणून दूर जाणाऱ्या वस्तूला तेच हवं.

अनारशाचं कूळ केवढं पसरलेलं आहे, ते पाहिलं की हा योगायोग वाटेनासा होतो. आंध्र-तेलंगणात संक्रांतीला अरिसेलु, तामिळनाडूत दिवाळीला अधिरसम, कर्नाटकात कज्जाय, ओडिशात अरिसा पिठा, बिहारमध्ये गयेचा अनरसा, या सगळ्यांत तांदूळ भिजवून दमटच कुटायचा आणि गुळात बांधायचा. गढवालात अर्से लग्नकार्यात करतात आणि सासरी जाणाऱ्या लेकीबरोबर देतात. डोंगरवाटांनी मजल दरमजल जाणाऱ्या शिदोरीला ओल परवडणारी नव्हती. श्रीलंकेत एप्रिलमधल्या सिंहली नववर्षाला तांदळाचं पीठ आणि माडाच्या जातीतल्या झाडांचा काकवीसारखा रस घेऊन खोबरेल तेलात कवुम तळतात. सगळ्यांत लांबचा आणि मला सगळ्यांत बोलका वाटणारा पुरावा कोरियाचा. तिथल्या युग्वा या मिठाईसाठी चिकट तांदूळ आठवडाभर किंवा त्याहूनही जास्त, आंबट वास येईपर्यंत भिजवतात. मग दळून, वाफवून, कुटून, कापून वाळवतात, आधी कोमट आणि मग कडक तेलात फुलवतात आणि शेवटी पाकात घोळवतात. त्या तांदळात जवळपास सगळा स्टार्च अमायलोपेक्टिन या फांद्याफांद्यांच्या रूपात असतो. तो ताणला जातो, म्हणून तुकडा मूळ आकाराच्या कितीतरी पट फुगतो. आपल्या तांदळातला स्टार्च इतका ताणला जात नाही, म्हणून अनारसा फुगत नाही, त्याला जाळी पडते. कोरियाच्या आणि वऱ्हाडाच्या स्वयंपाकघरांची देवाणघेवाण झाली असं म्हणायला आधार नाही, आणि तशी गरजही नाही. सारखा धान्यसंभार, सारखे दमट महिने आणि टिकवण्याची सारखी निकड असली, की हात सारख्याच युक्तीपर्यंत पोचतात.

ही निकड रिद्धपूरसारख्या गावाला विशेष लागू होती. मोर्शी तालुक्यातलं हे गाव महानुभाव पंथाची काशी म्हणून ओळखलं जातं. श्रीगोविंदप्रभूंचं वास्तव्य इथलं, आणि तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी लीळाचरित्राचं काम केलं तेही इथं. त्या ग्रंथात रिद्धपूरच्या रांधवणहाटीचा, म्हणजे तयार खाद्यपदार्थांच्या बाजारपेठेचा उल्लेख येतो; तिथंच श्रीगोविंदप्रभूंनी आपले शिष्य, पंथप्रवर्तक चक्रधर यांना सेंगुळे-बुड्डे प्रसाद म्हणून दिले. सातशे-साडेसातशे वर्षांपूर्वी या गावात वाटसरूंना शिजलेलं अन्न विकत मिळत होतं, ही गोष्ट खाद्यशास्त्राच्या दृष्टीनं फार मोलाची आहे. विकायला मांडलेला पदार्थ संध्याकाळपर्यंत तरी टिकावा लागतो, आणि यात्रेकरूनं सोबत नेलेला त्याहून जास्त. पुढं हा पंथ पंजाबपर्यंत आणि थेट पेशावर-काबूलपर्यंत पोचला. तिकडचे अनुयायी इकडे येत राहिले. अशा लांबच्या वाटांवर उपहाराचं गोड कोरडं असणं ही सोय होती. मोकळी कढई भरून तूप-तेल वापरण्याची ऐपत अर्थातच सगळ्यांची नसणार. दक्षिणेत बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वरानं मानसोल्लासात राजाच्या ताटातले कितीतरी तळलेले पदार्थ नोंदवले आहेत, आणि तिरुमलच्या विजयनगरकालीन शिलालेखांत नैवेद्यासाठी अतिरसाची तरतूद आढळते. राजवाडा, देऊळ, बाजार आणि मग सणासुदीचं घर, असा या कढईचा प्रवास झाला असावा.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. तळण्यानं पदार्थ कोरडा होतो म्हणता, पण गुलाबजाम आणि जिलबी तर पाकानं थबथबलेली असतात! इथं उदाहरण उलटं दिसलं तरी कारागिरी तीच आहे. बगदादच्या अल्-वर्राकच्या दहाव्या शतकातल्या पाकग्रंथात जिलबीची पूर्वज असलेली झुलाबिया सापडते. तिची रीत अशी, की आधी तळून आतलं पाणी हाकलायचं आणि रिकाम्या झालेल्या वाटांत दाट पाक भरायचा. जुनं पाणी मोकळं होतं, नवं साखरेनं बांधलेलं असतं. पाक जेवढा दाट, तेवढी जिलबी टिकाऊ. गुलाबजामाचा पाक पातळ आणि गाभा दुधाचा, म्हणून त्याचं आयुष्य थोडं.

दुसरा आक्षेप असा, की पाणी गेलं तरी तेल आलंच. रंगवलेलं तेल वापरून बटाट्याच्या चकत्यांवर झालेल्या प्रयोगांतून मात्र दिसलं, की तेल मुख्यतः तळताना शिरत नाही. तेव्हा वाफेचा दाब बाहेरच्या दिशेनं असतो. पदार्थ कढईतून काढला, की वाफ निवते, आत पोकळी होते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं. म्हणजे झाऱ्यावर झटकून, चाळणीत उभं करून निथळवण्याचे ते पहिले काही क्षणच निर्णायक आहेत. एवढं करूनही हे पदार्थ तेलकट आणि गोड राहतातच, ते रोजच्या ताटात नसावेत, हे मान्यच आहे. २००२ साली स्वीडनमधल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं, की १२० अंशांहून अधिक तापलेल्या पिष्टमय पदार्थांत अॅक्रिलामाइड हे अपायकारक मानलं जाणारं रसायन तयार होतं. गडद तपकिरी होईपर्यंत न तळता मंद आचेवर फिकट बदामी रंगावर थांबणं, हा त्यावरचा घरात करता येण्याजोगा उपाय आहे.

पावसात तर कापण्या सादळतात, मग पावसाळी वाळवण कसलं, हा आक्षेप निम्मा बरोबर आहे. उघडा ठेवलेला पदार्थ हवेतल्या आर्द्रतेशी बरोबरी साधतो. आषाढातली हवा ८० टक्के दमट असेल, तर कापणीतलं मोकळं पाणीही हळूहळू ०.८ कडे जातं. गुळातल्या साध्या साखरा ओल पटकन ओढतात, पाकाची काच मऊ होते, आणि पुढं बुरशीलाही दार उघडतं. कढई पाणी घालवते, ते परत येऊ न देणं हे घट्ट झाकणाच्या पत्र्याच्या डब्याचं काम.

डब्यातही एक शत्रू उरतोच, तो म्हणजे प्राणवायू. पाणी संपलं की जंतू हटतात, पण स्निग्धांश हवेशी संयोग पावून खवट होत राहतो, आणि कोरड्या पदार्थाचं आयुष्य शेवटी तेलच ठरवतं. वऱ्हाडात जवस, करडई, तीळ, भुईमूग, सरकी ही सगळी तेलं निघाली. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक वाटा अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा. चटणीसाठी ते उत्तम, पण तळणीत आणि साठवणीत ते सगळ्यांत आधी बिघडतं. तिळाच्या तेलात सेसॅमॉलसारखी ऑक्सिडीकरण रोखणारी द्रव्यं असतात, तुपात संपृक्त स्निग्धाम्लं अधिक, म्हणून ती दोन्ही तग धरतात. कोरियातली याक्ग्वा ही मधाची मिठाई करताना पिठात तिळाचं तेल मळतात, आणि आपल्याकडे अनारशाला साजूक तूपच हवं असा आग्रह धरतात. वारंवार तापवलेलं तेल मात्र कोणतंही असो, पदार्थाबरोबर डब्यात खवटपणाचं बीजच नेतं. तेलातली ध्रुवीय संयुगं २५ टक्क्यांवर गेली की ते तळणासाठी वापरू नये, असा भारतीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०१८ पासूनचा नियम आहे. यात्रेतल्या दुकानात तो पाळला जातो का, हे तपासायला हातात मावणारी उपकरणं मिळतात. यात्रेच्या दिवसांत रिद्धपूरच्या कढयांपाशी अशी तपासणी नियमित व्हायला हवी.