आधी आपण वाचू, मग मुलांना सांगू : बालपुस्तकांचा एक आठवडा



१५ ऑक्टोबर, म्हणजे डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, आपण २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून साजरा करतो. मुलं रांगेत बसतात, हातात पुस्तकं धरतात, फोटो निघतो. मीही हे दरवर्षी केलं आहे. त्यात वाईट काही नाही. पण एका वर्षी पुस्तकं वाटताना चौथीतल्या एका मुलाने विचारलं, "बाई, ह्यां पुस्तक तुमी वाचलात काय? बरां आसा?"

मी वाचलेलं नव्हतं. "हो, छान आहे," असं सांगून मी पुढच्या मुलाकडे वळले. पोराने पुस्तक घेतलं, पण माझ्या चेहऱ्यावरचं त्याला कळलं असणार. दुसऱ्या दिवशी ते पुस्तक न उघडता परत आलं.

खरं सांगू का, डी.एड.ला आपण बालमानसशास्त्र शिकलो, पाठ टाचणं लिहिली, पण मुलांची पुस्तकं बसून वाचा असं फारसं कुणी सांगितलं नाही. म्हणून मी ठरवलं, एक आठवडा फक्त मुलांची पुस्तकं वाचायची. रोज रात्री जेवणं आटोपल्यावर एक तास. त्या आठवड्यात काय हाती लागलं आणि वर्गात ते कसं वापरता येतं, ते इथे क्रमाने मांडते.

सोमवार : किशोर

सुरुवात सोपी हवी म्हणून 'किशोर' घेतला. बालभारतीचं हे मासिक १९७१ पासून निघतं आहे आणि त्याचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर मोफत ठेवले आहेत. शाळेत पुस्तकं कमी आहेत ही आपली अडचण इथे बरीचशी सुटते. अंक अख्खा वाचायची सक्ती करू नका. कुणी कोडं सोडवेल, कुणी फक्त चित्रं बघेल. मासिक असंच वाचायचं असतं.

मंगळवार : राधाचं घर

माधुरी पुरंदरे यांची ही छोटी पुस्तकं पहिली-दुसरीसाठी. राधा आपल्या घरातल्या एकेका माणसाची ओळख करून देते, बस्स. मोठी घटना नाही, तात्पर्य तर नाहीच. मला वाटलं, यात शिकवायचं काय? मग लक्षात आलं की प्रश्नच चुकतोय. मूल चित्रात बघतं, आपलं घर आठवतं आणि बोलायला लागतं. हेच तर पहिलीत हवं असतं! वर्गात हे दाखवल्यावर एका मुलीने रापणीची दोरी ओढणारा आपला आजोबा काढला आणि त्याच्याबद्दल चार वाक्यं सांगितली. मालवणीत सांगितली. मी ती तशीच फळ्यावर लिहिली. पुस्तकातलं 'माझं' आणि घरातलं 'माजां' शेजारी शेजारी बसू शकतं, एकाला हाकलून दुसरं आणावं लागत नाही.

बुधवार : विंदा आणि पाडगांवकर

हे दोघेही आपल्याच जिल्ह्यातले. विंदा करंदीकरांना २००३ चं ज्ञानपीठ मिळालं हे आपण सामान्यज्ञानात पाठ करून घेतो. पण त्यांची 'राणीची बाग', 'एटू लोकांचा देश', 'सशाचे कान' ही बालकवितांची पुस्तकं आपल्यापैकी किती जणांनी मोठ्याने वाचलीत? मंगेश पाडगांवकर तर वेंगुर्ल्याचे. या कविता मनात वाचून कळत नाहीत. मी स्वयंपाकघरात मोठ्याने वाचल्या तेव्हा घरातली सगळी येऊन बसली. कवितेखाली 'कवीला काय सांगायचे आहे?' हा प्रश्न मात्र नको. कवीला कधी कधी नुसती गंमत करायची असते.

गुरुवार : फास्टर फेणे

भा. रा. भागवतांचा हा बनेश फेणे मूळचा फुरसुंगीचा, शिकायला पुण्यात आलेला. अंगाने किडकिडीत, पण सायकलवर बसला की वारा. ही पुस्तकं चौथीच्या पुढच्या मुलांना द्या. हळू वाचणारी मुलंही यात टिकतात, कारण पुढे काय होणार ते कळल्याशिवाय पुस्तक ठेववत नाही. आपण कच्च्या वाचकाला नेहमी छोटा, सोपा आणि बहुतेक वेळा नीरस उतारा देतो. खरं तर त्याला सगळ्यात जास्त गरज गोष्टीच्या ओढीची असते. एक प्रकरण आपण मोठ्याने वाचावं, अगदी अडचणीच्या जागी थांबावं आणि पुस्तक टेबलावर ठेवून द्यावं. पुढचं काम पुस्तक करतं.

शुक्रवार : श्यामची आई

साने गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात फेब्रुवारी १९३३ मध्ये अवघ्या पाच दिवसांत जवळजवळ पूर्ण लिहिलं. शाळेत असताना वाचलं होतं, तेव्हा रडले होते. या वेळी आई म्हणून आणि शिक्षिका म्हणून वाचलं. 'संस्कार' म्हणून हे पुस्तक मुलांच्या हाती दिलं की मुलं सावध होतात. त्याऐवजी पोहायला घाबरून लपून बसणारा श्याम द्या. मी तोच भाग वाचून दाखवला. आमची किनाऱ्यावरची पोरं पोटभर हसली, "कोकणातलो आसून पाण्याक भियता?" मग एक जण हळूच म्हणाला, "माका पण भ्या वाटता, पावसात खाडी भरली की." त्या दिवशी वर्गात भीतीबद्दल जे बोलणं झालं, ते कुठल्याच पाठात झालं नव्हतं.

शनिवार : तोत्तोचान

तेत्सुको कुरोयानागी यांचं हे जपानी पुस्तक १९८१ चं. मराठी अनुवाद चेतना सरदेशमुख गोसावी यांनी केला आहे, नॅशनल बुक ट्रस्टने काढला आहे. एका शाळेतून काढून टाकलेली ही मुलगी दुसऱ्या शाळेत येते. तिथे वर्ग भरतात रेल्वेच्या जुन्या डब्यांत आणि मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिचं बोलणं चार तास ऐकून घेतात. चार तास! आपण एका मुलाचं सलग चार मिनिटं तरी ऐकतो का?

त्या शाळेत डब्यात काहीतरी समुद्रातलं आणि काहीतरी डोंगरातलं आणायचं असतं. ज्याच्या डब्यात एखादं नसेल त्याला मुख्याध्यापकांच्या पत्नी आपल्या भांड्यातून वाढतात, त्यामुळे कुणालाच कमीपणा येत नाही. हे वर्गात सांगितलं आणि डबे उघडले. बांगडा, सुकट समुद्रातलं. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी डोंगरातलं. परिसर अभ्यासाचा तास आपोआप झाला. मुलांना मी हेही सांगितलं की ती शाळा १९४५ मध्ये बॉम्बहल्ल्यात जळून गेली. वर्ग गप्प झाला. काही वेळ गप्प राहू द्यावं.

रविवार : वनवास

सहावी-सातवीपुढच्या मुलांसाठी मराठीत पुस्तकं कमी पडतात. परीकथा त्यांना बालिश वाटतात आणि मोठ्यांच्या कादंबऱ्या लांबच्या. प्रकाश नारायण संत यांचा 'वनवास' (१९९४) हा कथासंग्रह या मधल्या जागेत बसतो. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा लंपन ही त्यातली व्यक्तिरेखा. सीमाभागातली, कानडीची छाया असलेली त्याची मराठी सुरुवातीला अडते, मग आवडायला लागते.

कोकणात आईबाप मुंबईला आणि मुलं आजीकडे, ही घरं नवीन नाहीत. अशाच एका मुलीला मी हे पुस्तक दिलं. तिने किती वाचलं ते मी विचारलं नाही. पंधरा दिवसांनी तिने पुस्तक परत केलं आणि म्हणाली, "बाई, त्येका पण रात्रीची आठवण येता." तेवढंच. सारांश लिहायला सांगितला असता तर हे वाक्य मला मिळालं नसतं.

तुमचा आठवडा असा करा

शिक्षकांनी आपल्याच कपाटातली सात पुस्तकं निवडावीत. प्रत्येक पुस्तक वाचताना तीन गोष्टी वहीत टिपाव्यात : मी कुठे हसले किंवा थांबले, हे वाचून वर्गातलं कोणतं मूल आठवलं आणि मोठ्याने वाचायला कोणतं पान चांगलं. पुस्तक आवडलं नाही तर तसं मुलांना सांगावं. "मला नाही आवडलं, तू बघ," असं म्हटलं की मुलं हटकून वाचतात. कपाटाला कुलूप नको. पुस्तक फाटलं तर चिकटवता येतं.

पालकांनो, 'अभ्यासाचं वाच' हे वाक्य एक आठवडा बाजूला ठेवा. हेही वाचनच आहे आणि भाषेचा पाया याच्यावरच पक्का होतो. तुम्हाला वाचता येत नसेल, तरी मुलाला म्हणा, "माका वाचून दाखव." जाळं विणताना, मासे निवडताना ऐका आणि मध्येच विचारा, "मगे काय झाला?" घरात ऐकणारं कुणी असलं की मूल वाचतं.

तो चौथीतला मुलगा आता पाचवीत आहे. त्याने परत दिलेलं पुस्तक मी नंतर वाचलं. खरंच कंटाळवाणं होतं, तसं मी त्याला सांगितलं. तो हसला आणि म्हणाला, "मगे दुसरा देवा." त्याला फास्टर फेणे दिला. या वेळी पुस्तक लवकर परत आलं नाही.