यंत्राआधी छप्पर

नरखेड तालुक्यात मे महिन्यात पारा 45 अंशांकडे धावतो, हे आम्ही तुम्हांला सांगायला नको. अलीकडे कामगारांच्या टिनाच्या घरांतही हप्त्यावर वातानुकूलन यंत्रे आली. गारव्यावर हक्क सर्वांचाच. परंतु विजेचे बिल पाहून तेच यंत्र बंद ठेवलेले आम्ही पाहिले आहे.

थंड मुलुखात घरातील ऊब माळ्यातून निसटते, छपरावरचे हिम वितळवते आणि ते पाणी वळचणीशी पुन्हा गोठते. आपल्याकडे वाट उलटी. तापलेला पत्रा उष्णता खाली फेकतो. एक टनाचे यंत्र म्हणजे 24 तासांत सुमारे 900 किलो बर्फ वितळवील इतकी उष्णता बाहेर काढणारे. ही सारी ताकद पत्र्याशी झगडण्यातच खर्ची पडावी काय?

म्हणून दर उन्हाळ्याआधी पत्र्यावर चुना मारावा. खाली छत ठोकून त्याच्या फटी बुजवाव्यात. वरच्या माळ्याला मात्र दोन्ही टोकांना झरोके ठेवावेत. माळ्यावर कडबा पसरणे स्वस्त खरे, पण विजेच्या तारांजवळ तो नको. कूलरला खिडकी उघडी लागते, या यंत्राला बंद. जुनी सवय येथे नडते.

भाड्याच्या घरात हे छत कोणाच्या पैशाने ठोकावे, हा प्रश्न आम्ही घरमालकांपुढे ठेवला आहे. उत्तर अजून आलेले नाही.