नदीकाठी मज्जाव

कणकुंबीच्या माथ्यावर पडणाऱ्या पावसाला दोन वाटा आहेत. पूर्वेच्या उतारावरचे पाणी मलप्रभा होऊन कृष्णेच्या भेटीला जाते. पश्चिमेकडे कलंडलेले पाणी म्हादईच्या रूपाने आमच्या सत्तरीत उतरते आणि पणजीजवळ मांडवी म्हणून सागरास मिळते. या पाण्याच्या वाटणीवरून तीन राज्यांत कज्जा झाला, लवादाने २०१८ साली निवाडा दिला, तरी तंटा शमलेला नाही. त्याविषयी आम्ही पुष्कळ लिहिले आहे आणि पुढेही लिहावे लागेल. आजचा विषय वाटणीचा नसून काठाचा आहे. पाणी कोणाचे, हे तिन्ही सरकारे हिरीरीने विचारतात. काठ कोणाचा, हे मात्र कोणीच विचारीत नाही.

अलीकडच्या पावसाळ्यांत खानापूर तालुक्यातील धबधब्यांच्या वाटा वनखात्याने रोखल्या. जुलै २०२३ मध्ये सांगे तालुक्यातील मैनापी धबधब्यावर दोघे बुडाले, तेव्हा गोव्याच्या वनखात्यानेही तोच मार्ग पत्करला. हेतू वाईट होता असे आम्ही म्हणणार नाही. बुडालेल्या मुलाच्या घरी जाऊन बसण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला आहे, तो अशा हुकमाची थट्टा करणार नाही. तथापि हुकूम काढला म्हणजे कर्तव्य संपले, ही समजूत घातक आहे. चंदगड तालुक्यातील किटवाड धबधब्यावर बेळगावच्या चार मुली बुडाल्या, तो महिना नोव्हेंबर होता, साल २०२२. पावसाळी बंदीने त्या वाचल्या नसत्या. तेथे सावध करणारा माणूस आणि हाताशी एक दोर असता, तर कदाचित वाचल्या असत्या.

किनाऱ्यावरच्या आमच्या वाचकांना हे अधिक सांगावयास नको. गोव्याच्या समुद्रात माणसे बुडू लागली, तेव्हा सरकारने किनारे बंद केले नाहीत. २००८ पासून तेथे जीवरक्षक नेमले. धोक्याच्या जागी लाल निशाण लागते, शिट्टी वाजते. समुद्राला जो न्याय, तो ओढ्याला का नाही? समुद्रावर पाहुणा येतो, हॉटेले चालतात, महसूल मिळतो. ओढ्यावर येतो तो बेळगावच्या कारखान्यातला रविवारची सुट्टी मिळालेला कामगार आणि कॉलेजातली पोरे. याखेरीज दुसरे कारण आम्हांस दिसत नाही.

आणखी एक विसंगती पाहा. नृसिंहवाडीला पर्वकाळी हजारोंच्या संख्येने लोक कृष्णा-पंचगंगेच्या संगमात उतरतात. पाणी तेथेही खोल असते. पण तेथे नावा ठेवतात, पोहणारे उभे करतात, आणि स्नान पार पडते. ते योग्यच आहे. मग पुण्यासाठी पाण्यात उतरणाऱ्याची जशी काळजी वाहता येते, तशी निव्वळ आनंदासाठी उतरणाऱ्याची का वाहता येऊ नये? आमच्या परंपरेत स्नान आणि जलक्रीडा यांच्यात कोणी भिंत घातलेली नव्हती.

निपाणीकडे गोष्ट निराळी आहे आणि आमच्या मते अधिक गंभीर. तेथे हुकमाची गरजच पडत नाही. वेदगंगा आणि दूधगंगा या सीमाभागाच्या खऱ्या माता. पाठीला सुका भोपळा बांधून याच पात्रात पिढ्यान्‌पिढ्या पोरे पोहायला शिकली. बेंदराला बैल धुतले गेले ते इथेच. २०१९ आणि २०२१ साली वेदगंगेने यमगर्णीजवळ राष्ट्रीय महामार्ग अडवून धरला. त्या पाण्यात ज्याला पोहता येते तो शेजाऱ्याला तारतो, आणि पोहणे काही पुस्तकातून येत नाही. पण नदीला जायचे तर पाणंद हवी. ऊस थेट दरडीपर्यंत आला, पाणंद बांधाबांधाने आकसत गेली, की नदी नकाशावर राहते आणि गावाची उरत नाही. ज्याचे शेत काठाला त्याचीच नदी, असा नवा वतनदारी कायदा कोणी न करताच अमलात येतो.

यावर कायदा मुका नाही. कुलू-मनालीकडे बियास नदीच्या काठी एका मोटेलने वनजमीन घेऊन प्रवाहच वळवू पाहिला. त्या खटल्यात डिसेंबर १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पट्टा रद्द केला आणि नद्या, वने, किनारे यांचे सरकार मालक नसून लोकांच्या वतीने विश्वस्त आहे, असे बजावले. स्कॉटलंडने २००३ च्या कायद्याने जमिनीबरोबर नद्या-सरोवरांवरही जबाबदारीने वावरण्याचा हक्क सर्वांना दिला. आणि महाडला २० मार्च १९२७ रोजी जे घडले ते मराठी माणसाने तरी विसरू नये. तहानेच्या आणि माणुसकीच्या त्या हक्काशी पोहण्याच्या हौसेची बरोबरी करण्याचा उथळपणा आम्ही करणार नाही. परंतु सार्वजनिक पाण्याची वाट कोणी कोणास अडवू नये, हे तत्त्व त्या दिवशी या भूमीत रुजले.

कोणी म्हणेल, मग भीमगडचे अभयारण्यही मोकळे सोडायचे काय? मुळीच नाही. बारापेडे गुहेतील दुर्मीळ वटवाघळांचा त्या अंधारावर आमच्यापेक्षा अधिक हक्क आहे. दारूच्या बाटल्या फोडून ओढा नासविणाऱ्यांची वकिलीही आम्ही पत्करलेली नाही. त्यांना जबर दंड व्हावा. बंदीला कारण असावे, ते जागेपुरते आणि मुदतीपुरते असावे, आणि ते फलकावर मराठी व कानडी दोन्ही भाषांत लिहिलेले असावे. या भागात भाषेवरून फलक उतरविण्याचे प्रकार आम्ही पुष्कळ पाहिले. बुडणाऱ्याला सावध करणारा फलक तरी त्यातून सुटावा.

चंदगड, खानापूर आणि सत्तरी या तीन तालुक्यांची पाणलोटे एकमेकांना लागून आहेत. तिन्हींच्या अधिकाऱ्यांनी पावसाळ्यापूर्वी एकदा एकत्र बसून धोक्याच्या जागा ठरवाव्यात आणि तेथे स्थानिक पोहणाऱ्या तरुणांना चार महिन्यांचे वेतन देऊन नेमावे. निपाणी भागातील ग्रामपंचायतींनी नदीला जाणाऱ्या पाणंदी मोजून घ्याव्यात. त्या पूर्वी कोठवर जात होत्या, हे गावातल्या म्हाताऱ्यांना अजून सांगता येते.