बिनतारी विमानाचें पहिलें उड्डाण

आकाशांत विमानाची घरघर ऐकूं आली कीं मान वर करून पाहात नाहीं असा विद्यार्थी विरळाच. त्याच विमानाची लहान प्रतिकृति जमिनीवर उभें राहून बिनतारी लहरींनीं हांकतां येते. अमेरिकेंत वॉल्टर व विल्यम गुड या बंधूंनीं १९३७ सालीं ‘गफ’ नांवाचें असें विमान उडविलें. हल्लीं नवशिक्यांकरितां असलीं विमानें तयार मिळतात; परंतु पहिलें उड्डाण निर्विघ्न पार पाडणें हीच खरी परीक्षा होय.

आमचें पहिलें विमान हातांतून सुटतांच नाक वर करून चढलें, क्षणभर अडखळलें व कोसळून भुईंत रुतलें. वाऱ्यानें घात केला, असें आम्हीं सर्वांस सांगितलें. घरीं तुकडे जुळवून पाहतां समजलें कीं, बॅटरी फार मागें बसविल्यामुळें विमान शेपटीकडे जड झालें होतें. दोष वाऱ्याचा नव्हता, आमचाच होता.

यासाठीं प्रथम गुरुत्वमध्य पाहावा. पंखाच्या पुढील कडेपासून त्याच्या रुंदीच्या सुमारें चौथ्या ते तिसऱ्या हिश्श्यावर, दोन्ही बाजूंस खालून एकेक बोट टेकून विमान तोलावें. तें सपाट राहावें किंवा नाक किंचित् खालीं झुकावें. शेपूट झुकल्यास बॅटरी पुढें सरकवावी.

नंतर विमानाच्या मागें उभें राहून झडपांची दिशा तपासावी. दांडी उजवीकडे नेली असतां उजव्या पंखाची झडप वर व डाव्याची खालीं गेली पाहिजे; दांडी मागें ओढली असतां शेपटीची आडवी झडप वर उचलली पाहिजे. हातांतील यंत्र आधीं सुरू करावें, विमानाची बॅटरी मागाहून जोडावी. बंद करतांना क्रम उलटा. पंख्यासमोर बोट कधींही नेऊं नये.

उड्डाणास वारा शांत असलेली सकाळ, मोकळें मैदान व जाणता सोबती हवा. आपल्या देशांत २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणें लाल क्षेत्रांत सरकारी परवानगीवांचून उड्डाण करतां येत नाहीं. विमान वाऱ्याच्या समोर सोडावें आणि पुरेशी उंची गांठल्यावरच वळवावें. तें आपल्याकडे येऊं लागलें म्हणजे डावें-उजवें उलटें भासून मन गोंधळतें. अशा वेळीं जो पंख खालीं झुकला असेल त्याच बाजूस दांडी न्यावी, विमान सांवरतें. उतरवितांनाही तोंड वाऱ्याकडेच असावें.

दुसरें विमान घेऊन आम्हीं मैदानावर गेलों तेव्हां धाकटीं भावंडें व शेजारी पाहावयास जमले होते. तपासणींत पंखांच्या झडपा उलट फिरतांना दिसल्या. “एवढ्यानें काय बिघडतें? उडवा!” असा आग्रह झाला. आम्हीं विमान न उडवितां परत आणिलें. तो परतीचा रस्ता फार लांब वाटला.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं, दोष दूर केल्यावर, तेंच विमान चार फेऱ्या मारून गवतावर अलगद टेकलें. त्या वेळीं टाळ्या वाजविणारें तेथें कोणी नव्हतें. परंतु विमान शाबूत होतें, आणि या वेळीं वाऱ्यास दोष देण्याचें कारण उरलें नव्हतें.