हिरडा आणि त्याची डबी

जुन्नर-आंबेगावच्या पश्चिमेस, आहुपे-भीमाशंकरच्या रानात, उन्हाळ्यात लोक झाडावर चढून हिरड्याची कोवळी फळे काढतात. आठळी धरण्याआधीच ती वाळवली की काळी पडतात, हाच बाळहिरडा. तेथील महादेव कोळी कुटुंबांना रोख पैशाचा हा मोठा आधार. गोणीतला हा माल किलोवर जातो. तोच दळून, चाळून डबीत भरला की आपण भाव न विचारता उचलतो.

डबीवाल्यास आम्ही दोष देत नाही. निवडणे, दळणे, ओल लागू न देणे हे खरेच काम आहे; घरी खलबत्त्यात हिरडा कुटून पाहिलेल्यांस ते सांगावयास नको! पण सोनेरी रंग आणि पानाफुलांचे चित्र यांचेही दाम आपणच मोजतो. डबीवर वजन, किंमत, बनवणाऱ्याचे नाव छापणे कायद्याने भाग आहे. त्या वजनाने किंमत भागून पाहणारे आपल्यात किती निघतील?

झाडावर चढणाऱ्याचे नाव मात्र तेथे नसते. दळण आणि बांधणी रानाजवळ झाली, तर वाढलेल्या किमतीतले काही डोंगरात राहील. त्यासाठी गिरणी हवी, कोरडी कोठी हवी, आणि औषध म्हणून विकावयाचे तर सरकारी परवानाही हवा.