इंदूरच्या गादीची एकशेतीस वर्षं

इंदूरला राजधानीचा मान मिळाला तो एका पराभवामुळे. २० डिसेंबर १८१७ रोजी क्षिप्रेकाठी होळकरांच्याच फौजेतल्या लोकांनी राज्याचा कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंचा शिरच्छेद केला. दुसऱ्या दिवशी इंग्रजांविरुद्धची महिदपूरची लढाई हातची गेली. ६ जानेवारी १८१८ च्या मंदसौरच्या तहात सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख आणि रजपूत संस्थानांकडून येणारी खंडणी, दोन्हींवर पाणी सोडावं लागलं. गादीवर तेव्हा अकरा वर्षांचे दुसरे मल्हारराव होते. दिवाण तात्या जोगांनी उरल्यासुरल्या राज्याची घडी इंदुरात बसवली आणि इंग्रजांची रेसिडेन्सीही इथेच आली.

अहिल्याबाईंचं नाव आम्ही इंदूरकर अभिमानाने घेतो, घ्यायलाच हवं. पण त्यांचा कारभार चालला महेश्वराहून. आज आपण ज्या शहरात राहतो ते घडवलं त्यांच्यानंतरच्या, हात बांधलेल्या राजांनी. त्यांची आठवण मात्र फारशी कुणी काढत नाही, याची मला खंत वाटते.

या सगळ्यांत मला मोठे वाटतात ते दुसरे तुकोजीराव. १८४४ मध्ये दत्तक म्हणून गादीवर आले तेव्हा लहानच होते. १ जुलै १८५७ रोजी सादत खान आणि त्याच्या साथीदारांनी रेसिडेन्सीवर हल्ला केला, त्यात दरबारचेही सैनिक होते. महाराजांचा कल कुणीकडे होता, हा संशय इंग्रजांनी पुढे कायम मनात ठेवला. त्याच तुकोजीरावांनी पुढे खांडवा-इंदूर रेल्वेसाठी इंग्रज सरकारला एक कोटी रुपये दिले, साडेचार टक्के व्याजाने, एकशेएक वर्षांच्या मुदतीवर! तलवारीला वाव उरला नव्हता, तेव्हा त्यांनी हिशेबाची वही उघडली. नर्मदा ओलांडून, कालाकुंड-पातालपाणीचा घाट चढून गाडी माळव्याच्या पठारावर आली. दरबारची कापडगिरणी त्याआधीच सुरू झाली होती. पुढच्या शतकात गिरण्यांचं शहर म्हणून इंदूरची जी ओळख झाली, तिची सुरुवात ही. १८८६ मध्ये ते गेले. कृष्णपुऱ्यात नदीकाठी त्यांची छत्री होळकर घराण्यातल्या कृष्णाबाईंच्या छत्रीशेजारीच आहे. तिथलं दगडी कोरीवकाम एकदा सावकाश पाहावं.

त्यानंतर दोनदा बापाने गादी सोडली आणि कोवळ्या मुलाला बसवलं गेलं. १९०३ मध्ये शिवाजीराव पायउतार झाले, तिसरे तुकोजीराव तेव्हा बारा वर्षांचे होते. या तुकोजीरावांनी पॅट्रिक गेडिस यांच्याकडून शहराचा आराखडा करून घेतला, पण नाव राहिलं ते बावला खून खटल्याने. जानेवारी १९२५ मध्ये मुंबईच्या मलबार हिलवर इंदूर दरबार सोडून गेलेल्या मुमताज बेगमला पळवण्याच्या प्रयत्नात तिचा आश्रयदाता अब्दुल कादर बावला मारला गेला. चौकशी आयोगाला सामोरे जा किंवा गादी सोडा, असं इंग्रजांनी बजावलं. महाराजांनी गादी सोडली.

सतरा वर्षांचे यशवंतराव आले. यशवंतरावांना बावीस वर्षं मिळाली. माणिकबाग राजवाडा त्यांनी एकार्ट मुथेसियसकडून बांधून घेतला, ब्रांकुशीची शिल्पं घेतली, सी. के. नायडूंना पदरी ठेवलं. होळकर संघाने चारदा रणजी करंडक जिंकला. म्हैसूरविरुद्ध ८ बाद ९१२ धावा काढल्या, त्यात सहा शतकं.

२८ मे १९४८ रोजी मध्य भारत संघाचं उद्घाटन झालं, आणि यशवंतराव त्याचे उपराजप्रमुख झाले. १९६१ मध्ये ते वारले, तेव्हा वारस म्हणून सरकारने त्यांच्या कन्या उषादेवींना मान्यता दिली. दहा वर्षांनी सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांच्या पदव्या आणि तनखे दोन्ही संपले.